दिवा काढून दाखव

कापडाच्या दुकानात गादीवर बसून साडी पसंत करायची नाही, ती दुकानाच्या पायरीवर नेऊन उन्हात उलगडून पाहायची आणि मगच भाव विचारायचा, असा आमच्या मातोश्रींचा शिरस्ता होता. इंदूरच्या बाजारात महेश्वरी साडीचे एक टोक धरून पायरीवर उभे राहण्याचे काम लहानपणी आमच्याकडे असे. येणारेजाणारे पाहत, आम्हाला संकोच वाटे. आई मात्र शांतपणे म्हणे, "दुकानातला दिवा दुकानदाराचा असतो. ऊन कुणाचं नसतं."

एका दिव्याखाली अगदी एकसारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात, याला रंगविज्ञानात रीतसर आधार आहे, हे आम्ही पदवीधर झाल्यावर कधीतरी वाचले. आईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. तिला तो आधार ठाऊक नव्हता, पण नियम ठाऊक होता. हा नियम आम्ही विसरलो आणि तोही तिच्याच बाबतीत विसरलो, त्याची ही हकीकत आहे.

आमचे पणजोबा होळकर दरबारच्या चाकरीसाठी साताऱ्याकडून इंदुरास आले. रामबागेतले आमचे घर आजोबांनी बांधले. ओसरी, माजघर, पूर्वेला देवघर, मागे विहीर, असे ते घर. तीन भावांचे संसार त्यात वाढले आणि पांगले. छप्पर गळू लागले, भिंतींना ओल आली, आणि अखेर घर पाडून तिथे चार मजली इमारत बांधावी, प्रत्येक भावाला एकेक मजला यावा, असे ठरले. प्रश्न एकच होता. घर वडिलांच्या पश्चात आईच्याही नावावर होते आणि तिची सही लागणार होती. वय अठ्ठ्याऐंशी, स्मृती खणखणीत, आणि उत्तर एकच, "मी गेल्यावर काय ते करा."

आमचा पुतण्या वास्तुविशारद आहे. त्याने संगणकावर नव्या घराच्या खोल्या उभ्या केल्या. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी नकाशावर रेघा असत, फार तर जलरंगात काढलेले एखादे देखावाचित्र असे. आता संगणकात भिंती, खिडक्या, कपाटे मापानुसार रचतात, प्रत्येक पृष्ठभाग किती चकचकीत, किती खरखरीत ते सांगतात, मग त्यात दिवे ठेवतात. प्रकाश कुठून निघेल, कशावर आपटून कुठे पसरेल, याचे गणित यंत्र करते. जे चित्र निघते ते छायाचित्रच वाटते. खोली तीच ठेवून केवळ दिव्याचा रंग बदलता येतो. माणसाच्या मनावर रंगीत उजेडाचा काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या संशोधकांना अशा खोल्या सोयीच्या वाटतात त्या याचसाठी. खऱ्या घरात एक गोष्ट बदलायला गेले की चार बदलतात.

पुतण्याने पहिल्यांदा देवघराचे चित्र दाखवले तेव्हा त्यात छताच्या कडेने निळसर जांभळा उजेड सोडला होता. हल्ली तशी पद्धत आहे. आईने चष्मा सावरून पाहिले आणि विचारले, "हे इस्पितळ आहे का रे?" पुतण्या हिरमुसला. सभा तिथेच संपली.

रात्री आम्ही त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "उजेड पिवळा कर. आणि कोपऱ्यात एक समई लाव."

ही अक्कल आम्हाला कुठून आली, तेही सांगितले पाहिजे. महाविद्यालयात असताना गणेशोत्सवातल्या नाटकांची प्रकाशयोजना आमच्याकडे असे. योजना हा शब्द मोठा झाला. दोन स्पॉट, एक मिठाच्या पाण्याचा घरगुती डिमर आणि लाल, निळ्या, पिवळ्या जिलेटिन कागदाचे तुकडे, एवढा आमचा संसार. पण तेवढ्यावरही एक गोष्ट लक्षात आली होती. पडद्यावर रंगवलेला तोच दिवाणखाना पिवळ्या उजेडात सुखवस्तू दिसे. हळूच निळा कागद सरकवला की नटाने तोंड उघडण्यापूर्वीच पहिल्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावीत. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला एक रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा. तेव्हा रंगाने मन हलते ही गोष्ट काही संगणकवाल्यांनी शोधलेली नाही.

पुतण्याने पिवळ्या रंगाचा आकडा लिहिला, २७००. प्रकाशाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात मोजतात. तापलेले लोखंड आधी तांबडे, मग पिवळे, मग पांढरे होते, ते ध्यानात आणले की कल्पना येते. समईची ज्योत १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास, आणि आम्ही ज्या ट्यूबलाईटखाली सारी नोकरी काढली ती बहुधा ६५०० ची. गंमत अशी की तापमान जितके कमी तितका उजेड आपल्याला उबदार वाटतो. क्रुइथॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४१ साली मांडले की, मंद उजेड पिवळसर असेल तर माणसाला सुखाचा वाटतो, निळसर असेल तर उदास. पुढच्या अभ्यासकांनी त्याचा आलेख जसाच्या तसा मान्य केलेला नाही, पण ज्याने तेलाच्या दिव्याचे माजघर पाहिले आहे त्याला त्यातले तथ्य पटेल. शिवाय २००२ च्या सुमारास असे सिद्ध झाले की डोळ्याच्या पडद्यात, पाहण्याच्या पेशींखेरीज, निळ्या उजेडाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या काही वेगळ्या पेशी आहेत, आणि त्या शरीराच्या घड्याळाला दिवस की रात्र ते कळवतात. निळा उजेड म्हणजे जागे राहा, पिवळा म्हणजे दिवस मावळला, आता टेका.

दुसऱ्या रविवारी पिवळे चित्र आईपुढे ठेवले. समई तेवत होती, भिंत शेणाने सारवल्यासारखी मऊ दिसत होती. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्या जुन्या देवघरासारखंच आहे की." तिचे डोळे भरून आले. आमच्या धाकट्या भावाने संमतीपत्र पुढे केले आणि तिने सही केली. सर्वांना हायसे वाटले. आमच्या सौभाग्यवती तेवढ्या गप्प होत्या.

रात्री त्या म्हणाल्या, "अहो, सासूबाईंनी सही घराला केली की समईला?"

आम्ही उत्तर दिले नाही, पण झोपही लागली नाही. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत तीन तपे काढली. किती दस्तऐवजांखाली 'मजकूर वाचून व समजून सही केली' हे वाक्य आम्ही लिहवून घेतले असेल, त्याची गणती नाही. अडाणी खातेदाराला मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज अंगठा घ्यायचा नाही, हा आमचा कटाक्ष असे. आईला आम्ही एक अक्षरही खोटे सांगितले नव्हते. खोलीचे माप खरे, खिडकी खरी, भिंत खरी. खोटा होता तो उजेड. पण उजेड हा काही मजकूर नव्हे, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत होतो.

त्याच सुमारास आमच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, डावा व्हायचा होता. हा अनुभव अनेक वाचकांनी घेतला असेल. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते, निळा रंग अडवू लागते, आणि ते इतके सावकाश होते की आपल्याला पत्ता लागत नाही. नवे भिंग बसल्यावर जग एकदम निळसर, धुतल्यासारखे दिसते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची १९२३ साली अशी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर रंगांची त्यांची फार ओढाताण झाली. आम्ही पुतण्याच्या संगणकासमोर बसून एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. एका डोळ्याला देवघर गोरेपान, दुसऱ्याला जुन्या छायाचित्रासारखे पिवळट. दोन्ही डोळे आमचेच, खोली एकच, आणि तीही अस्तित्वात नसलेली. मग अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईने नेमके काय पाहिले असेल?

पुतण्याने त्यावर एक मर्माची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, खऱ्या खोलीत माणूस दिव्याला सरावतो. पिवळ्या बल्बखाली बसलं तरी पाच मिनिटांत पांढरा कागद पांढराच दिसतो. पण पडद्यावरच्या खोलीत आपण बसलेलो नसतो. आपण बसलेले असतो या खोलीत, या ट्यूबखाली. म्हणून चित्रातला पिवळा आपल्याला जास्त पिवळा दिसतो आणि तसाच राहतो."

आम्हाला रंगमंच आठवला. प्रेक्षागृहातही असेच. प्रेक्षक अंधारात असतो, मंचावरचा उजेड त्याच्या अंगावर पडत नाही, म्हणूनच तो त्याला भुलतो. पण नाटकाला तिकीट काढून आलेला प्रेक्षक आपण भुलायला आलो आहोत हे जाणून येतो. आमची आई घर पाहायला आली होती.

चार दिवसांनी, सकाळी ती ओसरीवर वाती वळत बसली होती तेव्हा आम्ही सारे सांगितले. निळ्याचा पिवळा आमच्या सांगण्यावरून झाला, समई आम्ही ठेववली, तुला बरे वाटावे म्हणून. ती वाती वळत राहिली. मग म्हणाली, "मला कळलं होतं थोडंसं. समईची वात चित्रात हलत नव्हती. पण बघावंसं वाटलं रे." थोड्या वेळाने म्हणाली, "आता दिवा काढून दाखव."

पुतण्याला बोलावले. त्याने चित्रातले सगळे दिवे काढले, समई काढली, आणि फक्त ऊन ठेवले. या संगणकात गावाचे अक्षांश, महिना आणि वेळ दिली की सूर्य बरोबर जागी उभा राहतो. सकाळचे नऊ, पौष महिना. देवघरात सुरेख ऊन आले. आई म्हणाली, "आणि शेजारच्यांचा वाडा?"

पुतण्या गप्प झाला. पूर्वेला शेजाऱ्यांनी जुना वाडा पाडून चार मजले चढवले होते. त्याने आपली इमारत रचली होती, शेजारची रचलीच नव्हती. चित्रात पूर्वेला मोकळे आकाश होते. तिथल्या तिथे त्याने शेजारी चार मजल्यांचा एक ठोकळा उभा केला. देवघर काळेठिक्कर पडले. घड्याळ पुढे पुढे सरकवत नेले, तरी अकरापर्यंत उन्हाची तिरीपही आत आली नाही. पिवळ्या दिव्याने आम्ही केवळ आईलाच नव्हे, आम्हा सर्वांनाच भुलवले होते. जिथे ऊन येणार नाही तिथे ते आले नाही, हे समईच्या उजेडात कुणाच्या लक्षात येणार?

मग नकाशा बदलला. देवघर दक्षिणेच्या अंगाला, कोठीच्या जागी आले. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही. उलट डिसेंबरात दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश चढतो आणि ऊन खोलीत लांबवर येते. म्हणजे हवे तेव्हा येणार, नको तेव्हा नाही. देवांचे तोंड पूर्वेलाच राहिले. धाकट्या भावाच्या स्वयंपाकघराची रुंदी फूटभर कमी झाली, त्यावरून आठवडाभर थोडी कुरकूर चालली, ती आम्ही आमच्या वाट्यातली बाल्कनी सोडून मिटवली.

नवे चित्र आईला दाखवताना पुतण्याने कुठलाही रंग भरला नाही. राखी भिंती, खिडकीतून येणारे पांढरे ऊन, बस. ते चित्र सुंदर नव्हते. आईच्या डोळ्यांत पाणीही आले नाही. तिने प्रश्न मात्र सात-आठ विचारले. पाणी भरून ठेवायचे कुठे, निर्माल्य टाकायचे कुठे, खिडकीला जाळी आहे का, बसायला पाट मावेल का. पिवळ्या चित्रापुढे तिने यातला एकही प्रश्न विचारला नव्हता.

रंगीत उजेड वाईट, असे आमचे म्हणणे नाही. दिवाळीचा आकाशकंदील, लग्नातला मांडव, नाटकातला निळा प्रवेश, हे सारे त्याच्याच जोरावर उभे आहे. याच इंदुरात, १९३० च्या दशकाच्या आरंभी, यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला, त्यात अंगचेच दिवे असलेल्या लाल आरामखुर्च्या होत्या. उजेड हाही सजावटीचाच भाग, हे त्या दोघांना उमगले होते. पण त्या दिव्याखाली बसणारा माणूस खरोखर त्या खुर्चीत बसणार होता. जी खोली अजून बांधायची आहे तिच्यावर कुणाची सही घेताना दिवा कुणाचा आहे, हे विचारले पाहिजे, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

प्रश्न संपल्यावर आई म्हणाली, "आण तो कागद."

आम्ही म्हणालो, "आई, सही तू मागेच केली आहेस."

"ती दिव्यावर केली होती," ती म्हणाली. जुना कागद तिने आमच्याकडून फाडून घेतला, नवा कागद घेऊन ओसरीच्या पायरीवर, उन्हात जाऊन बसली, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.