डॉक्टर अनिता बोलतेय!

१४५ फोन! एका बाईला! दिवस गेल्याची नोंद झाल्यापासून बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत, तिच्या भाषेत, तिनं सांगितलेल्या वेळेला, आणि तेही फुकट! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. आता तुम्ही सापडलाय, तर बसाच!

मी डॉक्टर नाही, आणि संगणकातलंही मला काही कळत नाही. मी शोधत होते बायकांच्या आरोग्याचं एखादं चांगलं ॲप. पाळी, गरोदरपण, मूल नको असेल तेव्हा काय करायचं, हे सगळं नीट सांगणारं. मला वाटलेलं, ते गुलाबी असणार, त्यावर फुलंबिलं असणार. आणि मग सापडलं 'एममित्र'. त्याला स्क्रीनच नाही! बटणांचा साधा फोन असला तरी चालतो, वाचता येत नसलं तरी चालतं, इंटरनेट लागतच नाही. फोन वाजतो, बाई उचलते, आणि पलीकडून कुणीतरी तिच्याशी मराठीत बोलायला लागतं. बस्स!

हे उभं केलं मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांनी. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. सायन हॉस्पिटलात शिकताना त्यांनी तिथली गर्दी पाहिली. एवढ्या बायकांत एकेकीशी सावकाश बोलायला डॉक्टरला वेळ मिळणार कुठून? २००८ साली त्यांनी 'अरमान' ही संस्था काढली, आणि तिनं पुढे हे फोन सुरू केले.

आता त्या वेळेचं ऐका! नोंदणी करतानाच बाईला विचारतात, तुम्हाला कधी फोन करू? मी हे वाचलं आणि वाचतच राहिले. कारण विचार करा, सकाळी पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात, आणि मग नवरा कामावर जातो आणि फोनही त्याच्याबरोबर जातो, आणि मग तो संध्याकाळी येतो तेव्हा स्वयंपाक चालू असतो, आणि मग फोन मुलाच्या हातात जातो, आणि मग कुठे रात्री दहा मिनिटं तो तिच्या वाट्याला येतो! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० बायकांपैकी ५४ जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्या ४६ जणींसाठी काही करायचं, तर आधी घरात फोन कधी कुणाकडे असतो हे विचारावंच लागणार. आणि इथे कुणीतरी ते विचारलंय!

शिवाय फोन किती वेळा येतो तेही बघा. गरोदरपणात आठवड्यातून दोनदा. आणि बाळंत झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोज! रोज! दूध येतंय का, नाळ कोरडी आहे का, ताप, रक्तस्राव, सगळ्या काळज्या त्या सात दिवसांत गर्दी करतात. ओली बाळंतीण उठून कुठे विचारायला जाणार? मग फोनच तिच्याकडे येतो. पुढे तो हळूहळू विरळ होत आठवड्यातून एकदा होतो. हे ज्यांनी ठरवलं त्यांना जाऊन मिठी मारावीशी वाटते मला!

थांबा, अजून डॉक्टर अनिता यायच्यात! ही दुसरी सेवा, 'किलकारी'. बीबीसी मीडिया ॲक्शननं ती बिहारमध्ये सुरू केली. तिथे फोनसाठी थोडे पैसे पडायचे. आणि मग जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ती हाती घेतली, देशभर न्यायला सुरुवात केली, आणि ती फुकट झाली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश. बोलणारी बाई म्हणजे डॉक्टर अनिता. आणि ही डॉक्टर अनिता खऱ्या जगात नाहीच! घडवलेलं पात्र आहे ते! मायाळू, पण ठाम. मला वाटतं, घरात सासूबाई असतात हे कुणाच्या तरी पक्कं लक्षात होतं. सुनेनं सांगितलेलं ऐकतील न ऐकतील, पण डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं म्हटल्यावर?

तिकडे बिहारमध्येच आशाताईंसाठी 'मोबाइल कुंजी' होती. कड्यात ओवलेली ४० कार्डं, प्रत्येकावर चित्र आणि एक नंबर. आशाताई घरी जायची, कार्ड दाखवायची, नंबर फिरवायची, फोन स्पीकरवर टाकायची, आणि मग त्या चित्राबद्दल डॉक्टर अनिता सगळ्या घराशी बोलायची! पुठ्ठा आणि साधा फोन! मी त्या कार्डांचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून बघत बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये किलकारी आपल्या महाराष्ट्रातही आली. आली, आणि मला पत्ताच नव्हता!

पण याचा उपयोग होतो का? हे मीही विचारलं, नुसती भारावून नाही गेले! मध्य प्रदेशातल्या चार जिल्ह्यांत ५,००० हून जास्त गरोदर बायकांवर याचा रीतसर अभ्यास झाला. काहींना किलकारीचे फोन, काहींना नाहीत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, या बाबतीत दोन्हीकडे फरक दिसला नाही. आणि मग पुढचा निकाल वाचला आणि मी खुर्चीतून उठलेच! गोळ्या, निरोध, तांबी अशी, हवी तेव्हा थांबवता येणारी साधनं वापरण्याचं प्रमाण फोनवाल्या घरांत जास्त निघालं! खूप नाही, पण स्पष्ट. आणि ते कुठल्या देशात? जिथे त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार १०० विवाहित बायकांपैकी ३८ जणींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असतं आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के आहे! शून्य पूर्णांक तीन! मला तर वाटतं, फोन नवऱ्याच्या हातात असतो याचाच इथे उपयोग झाला असेल. त्यानंही ऐकलं असेल. हा माझा अंदाज हं, अभ्यासाच्या माथी मारू नका.

गंमत अजून पुढेच आहे. बायका हळूहळू एममित्रचे फोन ऐकायच्या थांबतात. साहजिकच आहे, नंबर बदलतो, कंटाळा येतो, माहेरी जातात. संस्थेची माणसं स्वतः फोन करून चौकशी करू शकतात, पण माणसं मोजकी आणि बायका हजारो! मग या आठवड्यात नेमका कुणाला फोन करायचा? अरमाननं आयआयटी मद्रास आणि गूगलच्या संशोधकांबरोबर याचं गणित मांडलं. कोण गळायच्या बेतात आहे, आणि त्यातली कोण एका फोननं परत ऐकायला लागेल, हे संगणक आधीच्या फोनांवरून ओळखतो! सुमारे २३,००० बायकांवर ते करून पाहिलं, तर ऐकणं सुटण्याचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालं. त्यातलं गणित मला कणभरही कळलं नाही. पण एवढं अवघड गणित कुणीतरी एका बाईनं फोन उचलावा म्हणून सोडवलंय, हे कळलं आणि डोळे भरून आले!

आणि एक बारीकशी गोष्ट. गर्भपात झाला, मूल गेलं, तर तशी नोंद झाल्यावर किलकारीचे फोन बंद होतात. बाळाच्या सातव्या महिन्याची माहिती त्या घरी वाजू नये म्हणून. हेसुद्धा कुणीतरी आधी बसून ठरवलेलं!

आता मला राहवत नाही ते सांगते. पोट दिसल्यावरच फोन का वाजावा? सतरा वर्षांची मुलगी, लग्न न झालेली बाई, पाळी जायला आलेल्या काकू, यांना कुणी फोन करत नाही! आणि हा फोन सांगतो खूप, पण तिला विचारायचं असेल तर? १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, आणि त्यात वाचक कामजीवनाबद्दलचे प्रश्न लिहून पाठवायचे आणि कर्वे सरळ उत्तरं छापायचे! त्या उत्तरांवरून खटला झाला, आणि मग १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! म्हणजे प्रश्न विचारायची सोय आपल्याकडे पोस्टकार्डाच्या काळात होती! फोनवर ती होणार नाही असं मला कुणी सांगूच नका!

आणि जिच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे तिच्यासाठी अमेरिकेतलं 'युकी' हे ॲप बघा. सगळ्या नोंदी फक्त तिच्याच फोनमध्ये राहतात, आणि कुणी जबरदस्तीनं ते उघडायला लावलं तर ०००० दाबायचं, की भलताच निरुपद्रवी स्क्रीन येतो! चार शून्यं! असं काहीतरी मराठीत हवंय मला, आणि लगेच हवंय!

तोवर एक काम करूया, तुम्ही आणि मी. किलकारीचे फोन जातात ते सरकारच्या माता-बाल नोंदणीत दिलेल्या नंबरावर. तेव्हा ओळखीत, शेजारी, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी कुणाला दिवस गेले असतील, तर आशाताईकडे नंबर दिलाय का विचारा. कुणाचा दिलाय ते विचारा. बदललाय का विचारा. आणि फोन येत असेल तर मला नक्की कळवा, मला डॉक्टर अनिताचा आवाज मराठीत ऐकायचाय!