परक्या घरचा संसार

खारेपाटणच्या बाजारपेठेला शुक नदीचा शेजार जुना आहे. पाऊस चार दिवस लागून राहिला म्हणजे ही शेजारीण न विचारतां दुकानांत शिरते, आणि मग माल माळ्यावर चढविण्याची एकच धांदल उडते. नदी वाढत आहे हें दिवसां सर्वांनाच दिसतें; ती किती वेगानें वाढत आहे हें रात्रीच्या अंधारांत कोणालाच दिसत नाहीं. म्हणून माझ्या भाच्यानें व मीं एक लहानसें यंत्र करावयाचें योजिलें. पाण्यापर्यंतचें अंतर मोजणारें एक साधन, तळहाताएवढा संगणक, आणि पातळी ठराविक रेषेपलीकडे जातांच चार-सहा दुकानदारांना संदेश धाडणारा प्रोग्रॅम, एवढाच त्याचा पसारा. खांब, खोका, तारा हीं कामें आठवड्याभरांत उरकलीं. घोडें अडलें तें प्रोग्रॅमपाशीं.

अशा इवल्या संगणकाची ताकद बेताची असते. त्याच्यावरच प्रोग्रॅम बांधावयास बसलें तर वेळ फार जातो. म्हणून घरच्या मोठ्या संगणकावर तो बांधावयाचा आणि तयार स्वरूपांत तिकडे न्यावयाचा अशी रीत आहे. तिला क्रॉस-कंपायलिंग म्हणतात. घरच्या संगणकाचें घराणें इंटेलचें, खांबावरच्याचें आर्मचें. एकाची यंत्रभाषा दुसऱ्याला कळत नाहीं. त्यांत आणखी भर सामायिक लायब्रऱ्यांची. अनेक प्रोग्रॅमना लागणारीं नित्याचीं कामें एकाच ठिकाणीं ठेवावयाचीं व ज्याला जें हवें तें त्यानें ऐन वेळीं तेथून घ्यावयाचें, अशी ही सोय आहे. आपल्याकडे लग्नकार्याला मोठीं पातेलीं देवळांतून आणतात, तसाच हा प्रकार. त्यानें जागा वांचते, आणि कल्हई एकदांच करावी लागते. मात्र ज्या गांवीं लग्न असेल, त्या गांवच्या देवळांत तीं पातेलीं असलीं पाहिजेत. आपल्या गांवच्या देवळांत तीं आहेत, हें समाधान तेथें कामास येत नाहीं.

साधनाबरोबर त्याच्या उत्पादकानें एक तयार लायब्ररी व नमुन्याचा प्रोग्रॅम दिला होता. तो चालवितांच उत्तर आलें कीं, अशी फाइल अस्तित्वांत नाहीं. फाइल तर डोळ्यांसमोर होती! भाचा म्हणाला, “मामा, हें यंत्र धडधडीत खोटें बोलतें.” परंतु यंत्र खोटें बोलत नव्हतें, तें अर्धेंच बोलत होतें. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटांत एका कारभाऱ्याचें नांव कोरलेलें असतें. लायब्रऱ्या शोधून आणून जुळवून देणारा हा कारभारी म्हणजे लोडर. आमच्या यंत्रावर ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ’ नांवाचा कारभारी बसला होता, आणि हा पाहुणा जुन्या ‘एलडी-लिनक्स’चा पत्ता विचारीत होता. नव्हता तो कारभारी. बोलणें मात्र पाहुण्याच्या नांवें आलें. दोन्ही पक्ष आर्मचे, दोन्ही लिनक्सचे. पण अपूर्णांकी संख्या एका कामाकडून दुसऱ्याकडे कोणत्या मार्गानें द्यावयाच्या, ह्याविषयींचा दोघांचा संकेत निराळा. एकाच गांवांत दोन पंगती असाव्यात आणि एकीचें पान दुसरींत चालूं नये, तसें हें झालें. कारभाऱ्याला दुसरें नांव देऊन हा प्रश्न सुटत नाहीं. शेवटीं उत्पादकाकडून मूळ लिखाण मागवून घेतलें व लायब्ररी घरीं बांधावयाचें ठरलें.

येथें दुसरी अडचण उभी राहिली, आणि ती अपेक्षितच होती. घरच्या संगणकावर जून २०२३ मधली डेबियन १२ ही प्रणाली, यंत्रावर ऑगस्ट २०२१ मधली डेबियन ११. पहिलींत जीलिबसी ह्या मूळ लायब्ररीची २.३६ वी आवृत्ति, दुसरींत २.३१ वी. ह्या दोहोंच्या दरम्यान, २.३४ व्या आवृत्तींत, एरवीं वेगळी असलेली एक लायब्ररी मूळ लायब्ररींत विलीन झाली, आणि प्रोग्रॅम सुरू करण्याच्या पहिल्याच पायरीला नवा शिक्का मिळाला. त्यामुळें नव्या घरांत बांधलेला अगदीं साधा प्रोग्रॅमहि जुन्या घरीं जाऊन २.३४ चा शिक्का मागतो, आणि तो न मिळाल्यास उंबरठ्यावरच थांबतो. ह्यावर उपाय एकच. यंत्रावरच्या लायब्रऱ्यांची व त्यांच्या जोडीच्या घोषणापत्रांची हुबेहूब प्रत घरच्या संगणकावर एका कोपऱ्यांत मांडावयाची, आणि बांधणाऱ्याला बजावयाचें कीं, तुझें जग एवढेंच. ह्या प्रतीला सिसरूट म्हणतात. आम्हीं ती मांडली, आणि नवी लायब्ररी यंत्रावर पहिल्याच खेपेला उभी राहिली.

परीक्षा करावयाची तीहि त्याच बेतानें. एलडीडी नांवाचें नेहमींचें साधन घरच्याच रीतीनें पाहतें, म्हणून परक्या प्रोग्रॅमविषयीं तें कांहीं सांगूं शकत नाहीं. रीडएल्फ हें साधन प्रोग्रॅम न चालवितां केवळ वाचतें: हा कोणत्या घराण्याच्या यंत्रासाठीं, ह्याचा कारभारी कोण, ह्याला कोणत्या लायब्रऱ्या हव्यात, त्यांच्या कोणत्या आवृत्त्या. ती यादी वाचतांना मला आमच्याच गांवीं सांपडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट आठवला. तो शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा, जवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं तो प्रसिद्धीस आणिला. दानाचा मजकूर येण्यापूर्वीं त्यांत शिलाहारांची वंशावळ आहे, राष्ट्रकूटांची आहे, आणि तेव्हांचा सार्वभौम चालुक्य सत्याश्रय ह्याचेंहि नांव आहे. राष्ट्रकूटांची सत्ता ९७३ मध्यें संपली होती, तरी त्यांची वंशावळ गाळलेली नाहीं. आपण कोणाच्या आधारानें उभे आहोंत हें आरंभींच सांगावें, ही शिस्त फार जुनी दिसते.

भाच्याला ही सारी यातायात पटेना. तो म्हणाला, “मामा, सगळ्या लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्या पोटांतच घालून टाकूं या. मग कोणाकडे मागावयासच नको.” तसें करतां येतें, आणि पुष्कळदां तें शहाणपणाचेंहि ठरतें. परंतु पुढें लायब्ररींत एखादें न्यून सांपडलें तर तो प्रोग्रॅम पुन्हां बांधावा लागतो, आणि त्यासाठीं बांधणारा जवळ असावा लागतो. सामायिक लायब्ररी असली तर यंत्रावरची एक फाइल बदलून काम भागतें. मीं त्याला एवढेंच विचारलें, “तुझी रजा किती दिवसांची?” पुढच्या सोमवारीं तो पुण्यास जावयाचा होता, माझाहि मुक्काम येथें बारा महिने नसतो. पूर मात्र आमच्या सवडीनें येणार नाहीं.

म्हणून लायब्ररी सामायिकच ठेवली, सिसरूटची एक प्रत कार्डावर उतरविली, आणि एका कागदावर सुवाच्य मराठींत क्रम लिहिला: आधीं घराणें पाहा, मग कारभारी, मग लायब्रऱ्यांची यादी, शेवटीं आवृत्त्या. कार्ड व कागद दोन्ही बाजारांतील एका दुकानीं ठेवलीं आहेत. त्या दुकानदाराचा मुलगा महाविद्यालयांत आहे. त्यानें कागद दोनदां वाचला आणि कारभारी म्हणजे काय, एवढेंच विचारलें.