गारदी ते निहंग : मराठवाड्यातला एक वीकेण्ड

लंडनला गेलेला प्रत्येक मित्र राणीच्या (आता राजाच्या!) लाल कोटवाल्या पहारेकऱ्यांचे फोटो घेऊन येतोच. ‘आपल्याकडे असं काही नाही यार,’ हा डायलॉगही ठरलेला. मग एक वीकेण्ड काढा आणि लातूर-नांदेड गाठा. म्युझियमची पाटी नाही, पण मामला एकदम अस्सल.

पहिला स्टॉप उदगीरचा भुईकोट. खंदक, बुरूज, आत उदागीर बाबांची समाधी. फेब्रुवारी १७६० मध्ये याच परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि दौलताबाद, बऱ्हाणपूर, अशीरगड पदरात पाडून घेतले. त्या विजयात मोठा वाटा होता इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याचा आणि कवायती पलटणींचा. फ्रेंच पद्धतीत तयार झालेला हा माणूस आधी निजामाकडेच नोकरीला होता. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि मारला गेला.

‘गारदी’ हा शब्द फ्रेंच ‘गार्द’वरून, म्हणजे पहारेकरी यावरून आल्याचं मानतात. पण पुण्यात हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला तो गारद्यांनीच. ‘ध’चा ‘मा’ खरा की खोटा, हे बाजूला ठेवा. ज्यांच्या हाती पहारा, त्यांनीच धन्याला मारलं, हे मात्र खरं. बुरुजावर उभं राहिल्यावर वाटतं, तलवार पगारावर ठेवता येते, पण निष्ठेचं काय?

हा प्रश्न घेऊनच नांदेडला या. गुरू गोविंदसिंगांचा शेवट इथेच झाला, ऑक्टोबर १७०८ मध्ये. ‘माझ्यानंतर ग्रंथ हाच गुरू,’ असं त्यांनी इथेच सांगितलं. म्हणजे रक्षण करायला राजाच उरला नाही! तरी पहारा तीनशे वर्षं चालू आहे. आजचा तख्त सचखंड हजूर साहिब उभा राहिला १८३२ ते १८३७ मध्ये, महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने. त्याच सुमारास निजामाच्या चाकरीत पंजाबातून शीख फौज आली. दख्खनी शिखांमधली अनेक घराणी आपली मुळं या ‘लाहोरी फौजे’त शोधतात. त्यामुळे नांदेडात पगडीवाले काका अस्सल मराठवाडी मराठीत रस्ता सांगतात, दचकू नका.

संध्याकाळची आरती मात्र चुकवू नका. ती झाल्यावर गुरूंची शस्त्रं संगतीला एकेक करून दाखवतात. मी गर्दीत उभा होतो. कोपऱ्यात निळ्या पोशाखातले निहंग. पातं वर उचललं जातं, त्यावर दिव्याचा उजेड चमकतो आणि शेजारची आजी हात जोडते. म्युझियममध्ये आपण शस्त्राचं वय वाचतो, इथे त्याला मान देतात. उदगीरच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. पहारा टिकतो तो माणसाच्या नव्हे, विचाराच्या दारावर.

जाण्याआधी : मुंबईहून लातूरला रात्रीची रेल्वे आहे, तिथून उदगीर आणि पुढे नांदेड गाडीने. गुरुद्वारात डोकं झाका, चपला बाहेर ठेवा आणि लंगरमध्ये जेवल्याशिवाय निघू नका. दसऱ्याला गेलात तर शस्त्रं आणि घोड्यांसह निघणारा हल्लाबोल बघायला मिळेल, पण रूम आधीच बुक करा!