हिंगणघाटचे पार्सल

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सारा माल तेथे दगड होऊन पडला, अशी आख्यायिका आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. टेकडीवर सापडणारे गोटे म्हणजे तोच माल, असे सांगतात. गेल्या पावसाळ्यात वडिलांना ही कथा वारंवार आठवत होती.

त्यांचे श्रवणयंत्र दुरुस्त होऊन हिंगणघाटच्या दुकानातून पार्सलने निघाले होते. हिंगणघाट आमच्या शेजारच्याच तालुक्याचे गाव. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पार्सल नागपूरला पोहोचले. मी तो कागदावर लिहून वडिलांपुढे धरला. “हिंगणघाटचे यंत्र नागपूर पाहायला कशाला गेले?” त्यांनी विचारले. पाच दिवस ते तेथेच होते. त्या पाच दिवसांत वडिलांनी हळूहळू विचारणेच सोडले. जेवताना कोणाच्या तोंडाकडे पाहीनासे झाले.

शेवटी मी हिशेब मांडून दाखवला. २५ गावे एकमेकांशी थेट जोडायची तर ३०० वाटा लागतात, आणि बहुतेक गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात. सर्व माल आधी एका मध्यवर्ती ठिकाणी आणून गावनिहाय वेगळा केला, तर २५ वाटा पुरतात. एप्रिल १९७३ मध्ये फेडरल एक्स्प्रेसने अमेरिकेतील मेम्फिस येथे १४ विमाने व २५ शहरे घेऊन हेच आरंभिले. आपल्याकडे नागपूरचे स्थानच तसे आहे. मुंबई–हावडा व दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग तेथे छेदतात, राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ तेथेच भेटतात. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा केवळ आंतरराज्य विक्रीकर वाचविण्यासाठी राज्याराज्यांत डेपो ठेवण्याचे कारणही संपले. थोडी पण मोठी गोदामे परवडू लागली.

वडिलांनी कागद वाचला आणि हसले. “अरे, हे तर मीच करीत होतो.”

खरेच होते. आसपासच्या खेड्यांतील छोटे दुकानदार आमच्याकडे चिठ्ठ्या देऊन जात. वडील त्या जुळवून हिंगणघाटच्या ठोक बाजारातून एक भरलेला ट्रक आणीत. आमच्या ओसरीवर गूळ, साखर, साबण गावागावाच्या ढिगांत लागे आणि भाडे पोत्यामागे वाटले जाई. व्यापारी घरांतील अनेक वाचकांनी असा ट्रक पाहिला असेल. मी त्यांना मेम्फिस शिकवायला निघालो होतो!

मात्र चिठ्ठीत औषध असले, तर ते ट्रकसाठी थांबत नसे. वडील ते एसटीच्या ओळखीच्या वाहकाकडे सोपवीत. गोदामातल्या पट्ट्यावरून सरकणाऱ्या खोक्यावर पिनकोड असतो. आत कोणाचे कान आहेत, हे पट्ट्याला दिसत नाही. गिरडकडची गाडी पुरेसा माल जमल्याशिवाय निघत नाही, असे मला फोनवर सांगण्यात आले. यात अन्याय म्हणावा तर वडीलही अर्धा ट्रक कधी आणीत नसत.

सहाव्या दिवशी गाडी आली. चालकाकडे पलीकडच्या खेड्यांची सात पार्सले होती आणि पुढचा रस्ता चिखलात गेला होता. यंत्र कानाला लावण्याआधीच वडिलांनी ओसरीकडे बोट दाखवले. त्याने खोकी उतरवून ठेवली. वडिलांनी खडू मागवला आणि एकेका खोक्यावर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव लिहीत बसले.