उभ्या उसातून निरोप

आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. तेव्हा अकलूजच्या शिवारात सगळं रान उघडं असतं आणि मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरांचे निरोप एकमेकांना सहज पोचतात. वर्षभराने त्याच फडात शिरलेला माणूस दिसत नाही. पानांतलं पाणी रेडिओलहरी शोषतं, 2.4 गिगाहर्ट्झवर तर फारच. म्हणून असं जाळं लावणाऱ्याला उभा ऊस डोळ्यांपुढे आणूनच खांब रोवावे लागतात. नाशिकला आयआयटी मुंबईच्या गटाने सुलाच्या द्राक्षमळ्यात सेन्सर लावले. तिथे मांडवाच्या ओळींत निदान मोकळी वाट असते.

खरा प्रश्न बॅटरीचा. 2000 साली वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन या एमआयटीच्या संशोधकांनी सेन्सरांचे निरोप कमी ऊर्जेत पोचवण्याची ‘लीच’ पद्धत मांडली. त्यांच्या हिशेबात एक बिट पाठवायला किंवा घ्यायला 50 नॅनोज्यूल लागतात. पाठवताना अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढणारा खर्च वेगळा. त्या आकड्यांनी 100 मीटरवर थेट धाडलेला बिट 1,050 नॅनोज्यूल खातो, मध्ये एक थांबा घेतला तर 650. वीस मीटरवर मात्र उलटं: थेट 90, थांब्याने 170. साधारण 45 मीटरच्या आत थांबा तोट्याचाच. चौरस एकराची बाजू 64 मीटर भरते, तेव्हा हा हिशेब इथे रानोरान नव्याने करावा लागतो.

लीचमध्ये सेन्सरांचे गट पडतात. गटप्रमुख सगळ्यांची मापं एकत्र करून पुढे धाडतो, त्यामुळे त्याचीच बॅटरी आधी उतरते. म्हणून प्रमुखपद फिरतं ठेवतात. नीरा उजव्या कालव्यावर पाण्याची शेजपाळी सांभाळणाऱ्याला यातला न्याय लगेच कळेल. पण मूळ लीच शिल्लक बॅटरी विचारात घेत नाही, सगळे सारख्याच ताकदीचे धरते. उसात ते चालत नाही. पानांखाली गेलेलं सौर पॅनेल आणि बांधावरचं पॅनेल यांची बरोबरी कशी होणार?

आणि ऐकणं स्वस्त नसतं.

सेन्सरांत पुष्कळ वापरल्या गेलेल्या सीसी2420 या रेडिओ चिपला पूर्ण ताकदीने पाठवताना 17.4 मिलिअँपिअर लागतात, ऐकताना 18.8. कुणी बोलेल म्हणून नुसतं जागं राहिलं, तरी बॅटरी जातेच. त्यामुळे वाट निवडण्याआधी झोपेचं वेळापत्रक नीट बसवायला हवं. पाणी दिल्यावर ओलावा तासातासाने उतरतो, मिनिटामिनिटाला नाही. तासाला एक माप घ्यावं, फरक पडला तरच धाडावं, आणि निरोप गोळा करणारं यंत्र विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर, उसाच्या शेंड्यांपेक्षा उंच बसवावं.