पाण्याची वाट

आमचे गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी आहे. जिकडे पाहावे तिकडे काळीभोर, सपाट शेते. डोंगर म्हणून आम्हां मुलांना ठाऊक होती ती अंबडची मत्स्योदरी देवीची टेकडी. माशाच्या आकाराची ती टेकडी चढून गेलो, की मोठा पराक्रम केल्यासारखे वाटे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई असून त्याची उंची १६४६ मीटर आहे, असे पुढे भूगोलात वाचले आणि ते शिखर माझ्या मनात घर करून बसले.

कॉलेजात असताना एका भाद्रपदात तेथे जाण्याचा योग आला. बरोबर येणारे दोघे मित्र ऐन वेळी मागे सरले. मी एकटाच निघालो. अकोले तालुक्यातील बारी हे पायथ्याचे गाव. रात्री ज्या घरी उतरलो, तेथील आजोबांनी सकाळी विचारले, "संगतीला कोन हाय?"

"कोणी नाही. एकटाच जाणार आहे."

"मग नातवाला धाडतो संगं. दिस धुक्याचे हायेत."

दहा-बारा वर्षांच्या मुलाने मला वाट दाखवायची! मला तो अपमान वाटला. "वाट मळलेली आहे, आजोबा," असे म्हणून मी चालू लागलो.

भाताची हिरवी खाचरे मागे पडली आणि खडी चढण लागली. थोड्याच वेळात श्वास फुलला. पुढे उभा कडा आडवा आला. त्याला लोखंडी शिडी जोडलेली होती. पावसाने भिजलेल्या तिच्या पायऱ्या हाताला थंडगार लागत होत्या. अर्ध्यावर गेल्यावर मी सहज खाली पाहिले आणि पाय लटपटू लागले. डोळे मिटून क्षणभर शिडीला घट्ट बिलगलो. मग मात्र खाली न पाहता एकेक पायरी चढत गेलो. अशा आणखी शिड्या ओलांडून अखेर माथ्यावर पोहोचलो.

माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. कळसू नावाची एक मानी मुलगी केर-भांडी करणार नाही, या अटीवर एका घरी कामाला राहिली. ती अट मोडली गेली, तेव्हा ती घर सोडून या डोंगरावर आली, अशी कथा सांगतात. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्ग उभे होते. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय चकाकत होता. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाने तेथे प्रवरेचे पाणी अडवले आहे. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. ते पाणी पैठणच्या जायकवाडी धरणात जाते आणि तेथून आमच्या गावावरून वाहते. माझ्या पायांजवळच खडकातून पाण्याची एक बारीक धार उतरत होती. आमच्या नदीचे एक मूळ मी पाहत होतो!

त्या आनंदात वेळेचे भान राहिले नाही. उतरू लागलो तो धुके दाटून आले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. शिड्या कशाबशा उतरलो. परंतु पुढे वाट चुकली. तेवढ्यात ओढ्याचा आवाज कानी आला. पाणी खालीच जाणार, गावही खालीच आहे, असा विचार करून मी ओढ्याच्या कडेने उतरू लागलो. शेवाळावरून पाय घसरत होते. ओढ्याचा खळखळाट एकाएकी बदलून घुमल्यासारखा येऊ लागला, तरी मी चालतच होतो.

"दादाऽऽ! थांबा! म्होरं जाऊ नगा!"

मी जागीच उभा राहिलो. धुक्यातून घोंगडीची खोळ घेतलेला एक मुलगा धावत आला. त्याने एक दगड उचलून पुढे टाकला. दगड पडल्याचा आवाज किती तरी वेळाने आला. माझ्यापुढे चार पावलांवर कडा तुटलेला होता.

"पान्यामागं जाऊ नये, दादा. पानी उडी मारतं. आपल्याला मारता येत न्हाई."

सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला आहे. म्हणून त्याच्या अंगावर सपाटी आणि कडे एकाआड एक येतात, आणि ओढे त्या कड्यांवरून खाली झेपावतात. हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. त्या मुलाला मात्र ते पायांनी ठाऊक होते.

"तू इथे कसा?" मी विचारले.

"आजा म्हनला, पाव्हनं एकलंच गेल्यात, शिडीखाली बस. सकाळधरनं बसलोय. शेरडं आनायला वाईच उठलो, तवर तुमी हिकडं उतरला."

माझ्याने काही बोलवेना. त्याने माझा हात धरला आणि त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मागून मी मुकाट्याने खाली उतरलो. आजोबा अंगणात उभे होते. ते रागावले नाहीत. आत वळून त्यांनी फक्त चहा टाकायला सांगितले.

घरी आल्यावर आईने विचारले, "कुणासंगं गेला होतास रे?"

एकटाच गेलो होतो, असे सांगण्यासाठी मी तोंड उघडले; पण ते शब्द ओठांवर येईनात.