ओवळांचा डबा

जुलैमध्ये कुर्ल्यात फुलं सुकवणं म्हणजे ओल्या टॉवेलने अंग पुसण्यासारखं. आमच्या तळमजल्याच्या खोलीत भिंतीही घामेजतात. सिलिका जेलचे निळे मणी बघता बघता गुलाबी होतात, म्हणजे ओल पिऊन त्यांचं पोट भरलं. ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळे करायचे, थंड झाले की हवाबंद डब्यात प्रत्येक पाकळीच्या आतबाहेर हळूहळू ओतायचे आणि आठवडाभर झाकण उघडायचं नाही. गुलाब यात सुरेख टिकतो. पानांची तऱ्हा वेगळी. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी, त्यात देठाचं टोक ठेचून डहाळी उभी ठेवली की दोन-तीन आठवड्यांत पान तपकिरी होतं, पण मऊ राहतं, चुरा होत नाही. बीकेसीतल्या ऑफिसांच्या टेबलांवर अशी सजावट महिनोन्महिने ताजी दिसते. दिसते, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात एक बाई कागदात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. त्यांच्या आईच्या केसांतला, शेवटचा. "काळा पडला तरी चालेल ताई, वास राहील ना?"

नाही म्हणाले. माझ्याकडे जे काही आहे ते रूप धरून ठेवतं, वास नाही.

माझी आई वेंगुर्ल्याकडची. बकुळीला ती ओवळां म्हणायची. मे महिन्यात गावी गेली की पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, ओवायची आणि ती वेणी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून साड्यांमध्ये ठेवायची. मणी नाहीत, ग्लिसरीन नाही. फुलं चुरमडून तपकिरी व्हायची, ओळखूही यायची नाहीत. झाकण उघडलं की वास मात्र तोच. मी सुकवलेला पहिला गुलाब तिने आधी नाकाशी नेला. "वासच नाय तर ता फूल कसला?" मला राग आला होता. अजूनही येतो, घर त्याच गुलाबांवर चालतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी आमच्या कपाटात शिरली. पाणी उतरल्यावर डबा उघडला तर आत चिखल आणि डिझेलचा दर्प. आईने साड्या चार-चार वेळा धुतल्या. वेणी काही न बोलता टाकली, डबा राखेने घासला आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा भरून आणला.

आता ती नाही. तिने शेवटची आणलेली ओवळां डब्यात आहेत. वास पातळ झालाय, पण आहे.

गजरा मी मण्यांत सुकवला. पिवळट, कागदासारखा झाला. तो एका लाकडी डबीत ठेवला आणि खाली चार ओवळां टाकली. बाई घ्यायला आल्या तेव्हा सांगून टाकलं, हा वास तुमच्या आईचा नाही, माझ्या आईचा आहे.

त्यांनी डबी उघडून बराच वेळ नाकाशी धरली. "असू दे," म्हणाल्या.